‘पाहिजे आरोपी’वर एपिसोड करायचाय? आधी हे वाचून घ्या

फरारी आरोपींवरच्या टीव्ही कार्यक्रमाचं काम, वीरा देसाई रोडवरच्या ऑफिसात माझा पहिला दिवस. सिनियरने टेबलावर एक पिवळी फाइल टाकली आणि म्हणाला, “गुरुवारी स्क्रिप्ट दे.” फाइलमध्ये वर्तमानपत्रांची चार कात्रणं. चारांतही आरोपीचं वय वेगळं, आणि एकात तर मयताचं आडनावही चुकलेलं. मी त्या कात्रणांवरून स्क्रिप्ट लिहिली. वकिलाने ती परत पाठवली, समासात लाल पेनने एकच वाक्य बारा ठिकाणी: “कागद आहे का?”

अकरा वर्षं झाली, मी अजून हेच काम करते. नवीन मुलंमुली येतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. हे रोजच्या क्राइम रिपोर्टिंगबद्दल नाही. आठवड्याला एक प्रकरण, थोडं नाट्यरूपांतर, दोनतीन मुलाखती आणि शेवटी फरारीचा फोटो, अशा वीस-बावीस मिनिटांच्या भागाबद्दल आहे.

१. तुमचा फरारी नेमका कोण आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ‘फरार’ या एका शब्दात तीन वेगळी माणसं असतात.

पहिला, ज्याच्यावर नुसता संशय आहे आणि तपास चालू आहे. याच्या वाटेला नवशिक्याने जाऊच नये. मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ ला ‘मीडिया ट्रायल’बद्दल, म्हणजे माध्यमांनीच आरोपीवर खटला चालवण्याबद्दल, जो निकाल दिला, तो छापून भिंतीवर लावा. तपास चालू असताना काय टाळायचं याची त्यात यादीच आहे: साक्षीदारांच्या किंवा पीडिताच्या घरच्यांच्या मुलाखती, पोलिसांपुढे दिलेला म्हणतात तो कबुलीजबाब, ओळख पटेल असा आरोपीचा फोटो, आणि घटनास्थळ उभं करून आरोपीने गुन्हा कसा केला ते दाखवणं. म्हणजे आपला अख्खा कार्यक्रमच. अशा प्रकरणात पोलिसांनी स्वतः फोटो आणि आवाहन प्रसिद्ध केलं असेल तर तेवढंच, जसंच्या तसं दाखवावं.

दुसरा, दोषारोपपत्रात (चार्जशीटमध्ये) ज्याच्या नावापुढे ‘पाहिजे आरोपी’ असं लिहिलेलं असतं. बाकीचे पकडले गेले, खटला चालला, निकाल लागला, आणि हा एक राहिला. आपली बहुतेक प्रकरणं याच जातकुळीची. इथे निकालपत्र हातात असल्यामुळे हात सैल सुटतो आणि चूक होते. तो निकाल इतरांचा आहे, याच्यावर खटला झालेलाच नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचं बघा. पहिल्या खटल्याचे निकाल २००६-०७ मध्ये लागले, आणि नंतर हाती लागलेल्यांवर वेगळा खटला चालून त्याचा निकाल जून २०१७ मध्ये आला. पाहिजे आरोपी सापडला की प्रकरण त्याच्यापुरतं पहिल्या पानापासून सुरू होतं. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभा राहतो, आणि तेव्हा बचावाचा वकील त्याला विचारू शकतो, “तुम्ही हे टीव्हीवर बघून सांगताय ना?”

तिसरा, शिक्षा झालेला कैदी, जो संचित किंवा अभिवचन रजेवर बाहेर आला आणि परतला नाही. बोलीभाषेत फर्लो-पॅरोलवरून पळालेला. नवशिक्यांसाठी हा सर्वांत सोपा. दोष सिद्ध झालेला असतो, निकालपत्र त्याच्याच नावाचं असतं, तुरुंगाने न परतल्याचा गुन्हाही नोंदवलेला असतो. पहिला भाग करायचा तर असलं प्रकरण मागून घ्या. फक्त अपील पडून आहे का ते बघा.

२. कागद जमवा

माझ्या फाइलमध्ये हे नसेल तर मी स्क्रिप्टला हात लावत नाही:

- प्रथम खबर, म्हणजे एफआयआरची प्रत
- निकालपत्र, अपील झालं असल्यास तिथला आदेशही
- न्यायालयाचा रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, निदान शेवटच्या वर्षभराचा
- फरारी असल्याची उद्घोषणा किंवा स्थायी (आरोपी सापडेपर्यंत लागू राहणाऱ्या) वॉरंटचा आदेश
- पोलिसांची प्रेस नोट, तारखेसकट
- फोटो कुठून आला, कुणी दिला, केव्हाचा आहे, याची लेखी नोंद
- मुलाखत देणाऱ्या प्रत्येकाचं मराठीतलं सही केलेलं संमतीपत्र

एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं, त्यामुळे अलीकडच्या बऱ्याच प्रती घरबसल्या मिळतात. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळलेली असतात. दोषारोपपत्राचं तसं नाही. ते सार्वजनिक दस्तऐवज नाही, संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असं त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा कुणी व्हॉट्सअॅपवर दोषारोपपत्राची पीडीएफ पाठवली तर ‘मिळालं!’ म्हणून नाचू नका. वाचा, दिशा समजून घ्या, पण पडद्यावर दाखवू नका.

निकालपत्रासाठी ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर सीएनआर शोधा, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक. जुनी प्रकरणं तिथे धड सापडत नाहीत. मग काळा घोड्याचं सत्र न्यायालय, नाहीतर दिंडोशी, नाहीतर ज्या दंडाधिकाऱ्यांकडे प्रकरण होतं ते न्यायालय गाठायचं आणि नकलेसाठी अर्ज द्यायचा. त्रयस्थ म्हणून अर्ज करताना कारण लिहावं लागतं. वकिलामार्फत गेलात तर खेपा वाचतात. नक्कल विभागातल्या बाईंशी नीट बोला, जेवणाच्या सुट्टीत खिडकीवर टकटक करू नका.

इथे एक बारीक खाच आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचं कलम ३०२ चं १०३ झालं. पण २०१६ च्या खुनाचा आरोपी आजही ३०२ चाच आरोपी आहे. जुन्या प्रकरणात नवी कलमं घालून स्क्रिप्ट ‘अपडेट’ करणारे मी पाहिले आहेत.

३. पोलिसांकडे जाताना

आधी क्राइम ब्रँचकडे धावू नका. गुन्हा ज्या पोलीस ठाण्यात नोंद आहे तिथल्या वरिष्ठ निरीक्षकांना लेखी पत्र द्या, एक प्रत परिमंडळाच्या उपायुक्तांना. तपास क्राइम ब्रँचच्या युनिटकडे गेला असेल तर क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या आयुक्तालयात तेच पत्र. पत्रात तीनच गोष्टी मागा: आरोपी आजही पाहिजे आहे याची खात्री, अलीकडचा फोटो, आणि पडद्यावर द्यायचा ठाण्याचा फोन नंबर.

पहिली खात्री गृहीत धरू नका. एका प्रकरणात आम्ही सगळं शूट केलं, एडिट केलं, आणि आदल्या दिवशी कळलं की आरोपी चार महिन्यांपूर्वी परराज्यात दुसऱ्याच गुन्ह्यात पकडला गेलाय.

तपास अधिकारी बदलून गेलेले असतात. निवृत्त झालेले भेटतात, भरभरून बोलतात, चहा पाजतात. त्यांचं बोलणं रंगतदार असतं आणि दहा वर्षांत त्याला पॉलिश चढलेलं असतं. “मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि समजलो” हे वाक्य प्रत्येकाकडे असतं. ते ठेवा हवं तर, पण तारीख, वेळ, जप्त वस्तू या तीन गोष्टी निकालपत्रावरूनच घ्या. आणि “त्याने आमच्यापुढे कबूल केलं होतं” हे तर कापाच. पोलिसांपुढची कबुली एरवी न्यायालयात पुरावा धरली जात नाही, मग आपण का धरायची?

४. कुणाची ओळख झाकायची

याला अपवाद नाही, म्हणून थोडक्यात. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड केली तर न्याय संहितेच्या कलम ७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. पीडिता हयात नसली तरी नाव घ्यायचं नाही, आणि नुसती घरच्यांची परवानगी पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये हे सांगितलं. बालक असेल तर पॉक्सोचं (बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३: नाव, पत्ता, फोटो, शाळा, शेजार, घरच्यांची माहिती, काहीच नाही. आरोपीच अल्पवयीन असेल तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ लागतं.

चेहरा धूसर केला की झालं असं समजू नका. मुंबईत माणूस इमारतीवरून ओळखला जातो. चाळीचा जिना, खालचं किराणा दुकान, बोर्डावरचं ‘को-ऑप. हौ. सोसायटी’, आईच्या आवाजातली मालवणी. आरोपी नात्यातला असेल तर त्याचं नाव घेतल्यावर पीडितेचं वेगळं घ्यायची गरजच उरत नाही. अशा वेळी आरोपीचंही नाव जातं, आणि मग फरारीचा फोटो दाखवता येत नाही, म्हणजे तो भागच होत नाही. चॅनेलला हे पहिल्याच मीटिंगमध्ये सांगा.

५. मयताच्या घरी

निकाल लागलेल्या प्रकरणातच जा. पहिल्या भेटीला कॅमेरा नेऊ नका, फळंबिळंही नेऊ नका. दोघांनीच जा, एक बाई असू द्या. काय दाखवणार, काय विचारणार, कधी लागणार हे सांगा. पैशांचा विषय निघाला तर स्पष्ट सांगा की मुलाखतीचे पैसे देत नाही. “तुमच्यामुळे तो सापडेल ना?” असं विचारतातच. “माहीत नाही काकी” हे एकच खरं उत्तर आहे, ते द्या.

लालबागच्या एका खोलीत आम्ही मुलाखत घेतली. आवाजात घरघर येते म्हणून साउंडवाल्याने फ्रिज बंद करायला लावला, आणि स्वतःच्या बाइकची चावी फ्रिजमध्ये ठेवली. मला वाटलं गंमत करतोय. शूट संपलं, सामान आवरलं, काकी आत पाठ करून बसलेल्या, सगळेच गप्प निघालो, आणि खाली जाऊन त्याला चावी आठवली. वर जाऊन चावी काढली, फ्रिज चालू केला. “चावी नसती तर त्यांचं दूध नासलं असतं,” एवढंच म्हणाला. तेव्हापासून आमच्या शूटच्या यादीत ‘फ्रिजमध्ये चावी’ अशी ओळच आहे.

मुलाखतीत “तुम्हाला कसं वाटलं?” विचारू नका. “त्या दिवशी तो डबा घेऊन गेला होता का?” असं विचारा. माणूस डब्यावरून सुरू होतो आणि स्वतःच पुढे जातो. रडू आलं तर कॅमेरामनने झूम करायचं नाही, हे आधीच बजावून ठेवा. त्याचा हात आपोआप जातो.

आरोपीचंही घर असतं. म्हातारी आई, शाळेत जाणारी मुलं. त्यांच्या दारावर कॅमेरा नेऊन “मुलगा कुठाय?” विचारणं मी दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं नाही.

६. स्क्रिप्ट: शब्द तोलून

‘आरोपी’ आणि ‘गुन्हेगार’ यांतला फरक अँकरला पाठ हवा. ‘नराधम’, ‘सैतान’, ‘रक्तपिपासू’ हे शब्द चॅनेलला आवडतात. मी ते पहिल्या ड्राफ्टमध्येही लिहीत नाही, कारण एकदा लिहिला की तो प्रोमोत जातोच. पाहिजे आरोपीबद्दल वाक्य असं बांधा: “पोलिसांच्या दोषारोपपत्रानुसार तो त्या रात्री तिथे होता.” मी ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ एका भागात अठरा वेळा लिहिलंय. कानाला टोचतं, पण चालतं.

१९९४ च्या ऑटो शंकर (एका खुन्याचं आत्मचरित्र छापण्याच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींवरून लिहायला संमती लागत नाही. लैंगिक गुन्ह्यातली पीडिता याला अपवाद. त्या नोंदींपलीकडे गेलात, खासगी आयुष्यात शिरलात, की जबाबदारी तुमची. प्रेमप्रकरण, दारू, कर्ज असली ‘कारणं’ कागदात नसतील तर शेजाऱ्याच्या तोंडून वदवून घेऊ नका. मयताच्या चारित्र्यावर तर नाहीच नाही. जात-धर्माचा गुन्ह्याशी संबंध नसेल तर उल्लेख नको.

परदेशात पळालेल्यांबद्दल दोन ठरलेल्या चुका असतात. ‘रेड नोटीस म्हणजे आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट’ ही एक. ती सदस्य देशांना केलेली विनंती असते, आणि बहुतेक नोटिसा इंटरपोलच्या संकेतस्थळावर दिसतही नाहीत. आपल्याकडे हे काम सीबीआयकडे आहे. दुसरी, ‘भारतात आणताच फासावर’. १९९३ च्या बॉम्बस्फोटांतल्या अबू सालेमला २००५ मध्ये पोर्तुगालहून आणलं ते फाशी नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, या हमीवर. ती हमी पाळावी लागेल असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा सांगितलं.

७. नाट्यरूपांतर

फक्त निकालात सिद्ध झालेला भाग उभा करा. पाहिजे आरोपीचं पात्र करायचं असेल तर चेहरा दाखवू नका. पाठ, हात, सावली एवढंच. आरामनगरला ऑडिशन घेताना ‘हुबेहूब दिसणारा’ शोधण्याचा मोह होतो. टाळा. प्रेक्षकांच्या डोक्यात नटाचा चेहरा बसतो आणि शेवटी दाखवलेला खरा फोटो पुसला जातो. शिवाय तो नट संध्याकाळी लोकलने घरी जायचा असतो. ‘नाट्यरूपांतर’ ही पट्टी पूर्ण वेळ, वाचता येईल एवढ्या आकारात.

रस्त्यावर शूट असेल तर महापालिका, वाहतूक पोलीस आणि स्थानिक ठाणे, तिघांचे कागद जवळ ठेवा. नकली पिस्तूल आणि वर्दी असेल तर ठाण्याच्या पत्रात तसं ठळक लिहा. आमच्या असिस्टंटने एकदा पत्रात नुसतं ‘मालिकेचं चित्रीकरण’ लिहिलं होतं. माझगावच्या गल्लीत नट प्लास्टिकचं पिस्तूल घेऊन धावला, वरच्या मजल्यावरून कुणीतरी १०० ला फोन केला आणि दहा मिनिटांत गाडी हजर. तीन तास ठाण्यात बसलो. नट वर्दीतच होता, त्यामुळे प्रत्येक हवालदार त्याला आधी सलाम ठोकायचा आणि मग शिव्या घालायचा.

रक्त कमी. पद्धत तर नकोच: विषाचं नाव, मात्रा, कुलूप कसं उघडलं, मृतदेहाची विल्हेवाट कशी लावली, यातलं काहीही पुन्हा करून बघता येईल असं दाखवू नका.

८. फोटो: शेवटची चाळीस सेकंदं

खरं काम या चाळीस सेकंदांत असतं. फोटो स्थिर ठेवा. संगीत खाली आणा. नाव, टोपणनाव, आजचं अंदाजे वय, उंची, आणि न बदलणाऱ्या खुणा: भुवईवरचा व्रण, हातावरचं गोंदण, डावखुरेपणा, चालण्याची लकब. फोटो जुना असेल तर ‘फोटो २००९ सालचा’ असं साल लिहा.

एकदा नातेवाइकांनी लग्नाच्या अल्बममधला ग्रुप फोटो दिला. मागच्या रांगेतला डावीकडून तिसरा, असं फोनवर ठरलं. ग्राफिक्सवाल्याने कापून, उजळून, लाल चौकटीत बसवला. फायनलच्या आधी मी तो मयताच्या बहिणीला दाखवला. ती म्हणाली, “अहो, हे तर माझे मोठे दीर.” फोटो आरशात बघितल्यासारखा उलटा स्कॅन झाला होता. तेव्हापासून तपास अधिकाऱ्याची फोटोच्या मागे सही घेतल्याशिवाय मी फोटो लावत नाही.

ही भीती उगाच नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. निमित्त होतं मोबाइलवर फिरलेल्या अफवांचं. आपण तर घराघरात चेहरा दाखवतो. म्हणून ‘दिसल्यास पकडा’ असं कधीही म्हणायचं नाही. ‘दिसल्यास स्वतः काही न करता ११२ वर किंवा या ठाण्यात कळवा’, आणि हे अँकरने बोलायचं, नुसतं लिहून भागत नाही.

आरोपीची ओळखपरेड (साक्षीदाराने अनेक माणसांतून आरोपी ओळखून दाखवणं) व्हायची बाकी असेल तर फोटो दाखवू नका. साक्षीदाराने टीव्हीवर बघितलेला चेहरा परेडमध्ये ओळखला, तर त्या ओळखीला काय किंमत?

९. प्रक्षेपण आणि त्यानंतरचे फोन

वकिलाकडे स्क्रिप्ट नाही, फायनल कट पाठवा. प्रोमो वेगळा पाठवा, कारण घोळ प्रोमोतच असतात.

त्या रात्री ऑफिसात कुणीतरी हवं. पोलिसांचा नंबर दिलेला असूनही लोक चॅनेललाच फोन करतात. एक वही ठेवा: वेळ, जागा, फोन करणाऱ्याचे नेमके शब्द. त्यात तुमचा अंदाज मिसळू नका. दारूडे, ज्योतिषी आणि शेजाऱ्यावर सूड उगवणारे यांचेही फोन लिहून घ्या. चाळणी पोलीस लावतील. सकाळी वहीची प्रत पोच घेऊन तपास अधिकाऱ्याला द्या. स्वतः कॅमेरा घेऊन त्या पत्त्यावर जाऊ नका. नालासोपाऱ्याच्या एका टिपेवर आमचा एक मुलगा उत्साहात गेला. तिथे राहणारा माणूस वेगळाच निघाला, पण त्याला त्या महिन्यात खोली सोडावी लागली. तो भाग आम्ही कुठेच दाखवला नाही, आणि त्याची भरपाईही कुणी दिली नाही.

१०. फाइल बंद करू नका

भाग यूट्यूबवर वर्षानुवर्षं राहतो, खटला मात्र पुढे सरकतो. आरोपी पकडला गेला तर फोटोची चाळीस सेकंदं लगेच काढा, कारण आता ओळखपरेड होऊ शकते. निर्दोष सुटला तर सुरुवातीला तशी पाटी घाला किंवा भाग उतरवा. चॅनेल म्हणेल, व्ह्यूज जातील. तरी मेल करा, मेलची प्रत ठेवा.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझ्या फोनवर गजर वाजतो, त्याला मी ‘तारीख’ असं नाव दिलंय. चहा घेऊन बसते आणि जुन्या भागांचे सीएनआर एकेक करून टाकते. साधारण पाऊण तास लागतो. गेल्या वेळी एकाचा रोजनामा बदललेला दिसला, म्हणून एडिटरला फोन करून तो भाग त्याच दुपारी उतरवून घेतला.